जांभळ्या लिंकची गोष्ट

इंटरनेटवर वावरणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. पानावरची निळी लिंक एकदा उघडून पाहिली की जांभळी होते. इथे आपण येऊन गेलो, एवढीच ती खूण. आज मी तुम्हाला या साध्या रंगाची हकिकत सांगणार आहे, कारण या रंगाने वर्षानुवर्षे लोकांची गुपिते फोडली.

ही सोय जुनी, १९९३ च्या मोझॅक ब्राउझरपासूनची. पुढे १९९४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत होकॉन विउम ली यांनी पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या 'सीएसएस' भाषेचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्यासह त्यांनी तिला आकार दिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने तिला मान्यता दिली. पाहिलेल्या लिंकचे रूप कसे असावे, हे ठरवण्याची मुभा आता पान बनवणाऱ्याला मिळाली.

इथेच ग्यानबाची मेख होती. समजा, एखाद्याने आपल्या पानात हजारो लिंका लपवून ठेवल्या आणि प्रत्येकीचा रंग ब्राउझरला विचारला. जी जांभळी, ती तुम्ही पाहिलेली! ना कुलूप फोडले, ना पासवर्ड चोरला. तुमच्याच घरातल्या नोकराने तुमची रोजनिशी परक्याला वाचून दाखवावी, तसा हा प्रकार.

ब्राउझर बनवणाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट २००० च्या सुमारासच गेली होती. मग उपाय का झाला नाही? कारण रंगच काढून टाकला तर वाचकाची सोय जाते. जून २०११ मध्ये पक्क्या झालेल्या सीएसएस २.१ च्या मसुद्यात धोक्याचा उल्लेख आहे. पण ब्राउझरांनी उपाय 'करावा' असे नाही, 'करता येईल' एवढेच म्हटले आहे.

तोडगा मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी २०१० साली मांडला. पाहिलेल्या लिंकचे फक्त रंगच बदलता येतील, आकार किंवा मागचे चित्र नाही. आणि पानाने रंग विचारलाच, तर ब्राउझरने खुशाल खोटे सांगावे, 'निळा!' इतर ब्राउझरांनीही हाच मार्ग धरला.

धोका कागदावरचा नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एपिक मार्केटप्लेस या जाहिरात कंपनीवर कारवाई जाहीर केली. तिने ५४ हजारांहून अधिक संकेतस्थळांबाबत लोकांचा माग काढला होता. त्यांत वंध्यत्व, रजोनिवृत्ती, कर्ज आणि दिवाळखोरी यांची माहिती देणारी स्थळेही होती. जे माणूस शेजाऱ्यालाही सांगत नाही, ते जाहिरातवाल्याला कळत होते.

पळवाटा त्यानंतरही सापडत राहिल्या. अखेर २०२५ साली क्रोमने मूळच बदलले. एका स्थळावरून उघडलेली लिंक दुसऱ्या, परक्या स्थळावर जांभळी दिसत नाही.

म्हणजे एका रंगाची दुरुस्ती व्हायला पाव शतक लागले. यात सुरुवातीच्या मंडळींची लबाडी नव्हती. वाचकाचे भले व्हावे, एवढाच त्यांचा हेतू होता. फक्त एक प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. आता मात्र सीएसएसच्या नव्या मसुद्यांत खासगीपण आणि सुरक्षितता यांवर स्वतंत्र विभाग असतो. मला तो फार मोलाचा वाटतो. सोय कुणाच्या उपयोगाची, हे सगळेच पाहतात. तिच्या फटीतून कोण डोकावेल, हेही आधीच पाहिले पाहिजे.