शिवणीतली माया : ग्राफिक्स कार्डावरील घरगुती कारागिरीचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांचे गणित मुख्य प्रोसेसरकडून काढून घेऊन ते स्वतंत्रपणे करणारा जो फलक, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आणि हे कार्ड विकत घेणाऱ्याने ते उघडून त्याची गती वाढवणे, त्याचा मूळ पंखा काढून दुसरा बसवणे किंवा बंद पडल्यावर ते स्वतःच दुरुस्त करणे, ही प्रथा जवळपास कार्डाइतकीच जुनी आहे. तिला हौशी मंडळींचा उद्योग म्हणून बाजूला सारले, तर तिच्या मुळाशी असलेली एक आर्थिक आणि तांत्रिक गोष्ट नजरेतून सुटते. शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडे जादा कापड ठेवतो आणि त्याला माया सोडणे म्हणतात; पुढे अंग भरले की तीच माया उसवून कपडा सैल करता येतो. चिप बनवणाऱ्यांनाही अशी माया सोडावी लागते, कारण सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा सारख्या निपजत नाहीत, आणि विक्रीसाठी जाहीर करायची गती ही त्यांतल्या दुबळ्यात दुबळ्या चिपेला, कोंदट खोलीतल्या धूळभरल्या डब्यातही, पेलणारी असावी लागते. ही माया कोणाच्या मालकीची, निर्मात्याच्या की विकत घेणाऱ्याच्या, या प्रश्नाभोवती घरगुती कारागिरीचा पाव शतकाहून अधिक काळचा इतिहास फिरतो.

१९९६ साली अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीची वूडू ग्राफिक्स ही चिप-जोडी बाजारात आली तेव्हा तिची गती ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाच कोटी ठोके, इतकी होती, आणि तिच्यावर पंखा तर सोडाच, उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा दातेरी ठोकळा, ज्याला हीटसिंक म्हणतात, तोही सहसा नसे. तीन वर्षांनी आलेल्या वूडू ३ मालिकेच्या वरच्या कार्डाची गती १८३ मेगाहर्ट्झवर पोहोचली होती, तरीही चिपेवर बहुधा केवळ एक हीटसिंक चिकटवलेला असे आणि तो हाताला चटका बसेल इतका तापे. येथेच घरगुती कारागिरीचा पहिला धडा घडला : ज्याच्याकडे जुन्या प्रोसेसरचा पंखा पडून होता त्याने तो त्या हीटसिंकवर बांधला आणि पाहिले, की कार्ड निवले म्हणजे ते अधिक गतीनेही अडखळत नाही. त्याच वर्षी आलेल्या एनव्हिडिया या कंपनीच्या जीफोर्स २५६ या कार्डात २ कोटी ३० लाख ट्रान्झिस्टर होते आणि त्याला कारखान्यातूनच पंखा बसून आला होता. तेव्हापासून थंडावा हा कार्डाचा अवयवच झाला.

गती आणि उष्णता यांच्या नात्याचे गणित सोपे असले तरी निष्ठुर आहे. चिपेने खाल्लेली वीज तिच्या गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहा टक्क्यांनी चढवला तर वीज, आणि पर्यायाने उष्णता, एकवीस टक्क्यांनी चढते. गती वाढवण्याचे काम रिव्हाट्यूनरसारख्या, एका रशियन प्रोग्रामरने लिहिलेल्या, सॉफ्टवेअरने होत असे, परंतु एका मर्यादेपुढे चिपेला जादा दाब लागे आणि तो देण्याची सोय सॉफ्टवेअरात नसे. मग शिसपेन हाती आली. कार्डावरील दाब-नियंत्रक आपल्या पायाशी जोडलेल्या दोन रेझिस्टरांच्या जोडीवरून चिपेला किती दाब मिळतो आहे याचा अंदाज घेतो. त्यांपैकी जमिनीला, म्हणजे शून्य दाबाच्या तारेला, जोडलेल्या रेझिस्टरवर पेन्सिल घासली, तर ग्राफाइट वीजवाहक असल्यामुळे त्याचा रोध किंचित घटतो, नियंत्रकाला दाब कमी पडतो आहे असे वाटते आणि तो इमानाने दाब वाढवतो. जास्त घासले गेले तर खोडरबराने पुसावे, आणि दर वेळी मल्टिमीटरने मोजावे. ज्यांचा हात झाळण्यावर बसला होता ते तेथे बारीक फिरता रेझिस्टर जोडत, म्हणजे पेचकसाने दाब हवा तसा कमीजास्त करता येई. यंत्राला फसवण्याची ही रीत त्याच्यात काही बदलत नाही, त्याला फक्त खोटी बातमी पुरवते, आणि पुढच्या काळातील बहुतेक युक्त्या याच वळणावर गेल्या.

मायेचा दुसरा प्रकार प्रतवारीतून निर्माण झाला. एकाच आराखड्याच्या चिपांपैकी ज्यांचा एखादा भाग सदोष निघतो तो भाग बंद करून त्या स्वस्त कार्डांत घालाव्यात, ही रीत कांद्याच्या वखारीइतकीच व्यवहारी आहे. पण स्वस्त कार्डाला मागणी जास्त आणि सदोष चिपा कमी, अशी वेळ आली की निर्माता धडधाकट चिपांचेही भाग बंद करून त्या खालच्या प्रतीत विकतो. २००२ साली एटीआय या कंपनीने काढलेल्या रेडिऑन ९५०० या कार्डात वरच्या ९७०० कार्डाचीच चिप होती, मात्र तिच्यातील चित्रबिंदू रंगवणाऱ्या आठ समांतर वाहिन्यांपैकी चारच चालू ठेवलेल्या होत्या. ज्यांच्या फलकावर मेमरीच्या चिपा इंग्रजी एल अक्षराच्या आकारात मांडलेल्या होत्या त्या ९५०० कार्डांना मेमरीचा रुंद मार्गही होता, त्यामुळे ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून उरलेल्या चार वाहिन्या उघडल्या की एक पैसाही न खर्चता ९७०० हाती येई. दुकानात खोक्याच्या फटीतून डोकावून एल ओळखण्याची कला त्या काळी अनेकांनी साधली. ज्याच्या नशिबी खरोखरच सदोष चिप आलेली असे त्याच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटत, आणि त्याला निमूटपणे मूळ अवस्थेत परतावे लागे. डिसेंबर २०१० मध्ये, एटीआय विकत घेतलेल्या एएमडीच्या रेडिऑन एचडी ६९५० कार्डाबाबतही हेच घडले : कार्डाचे बायॉस, म्हणजे त्याला जाग येताच काय करायचे हे सांगणारी छोटी आज्ञावली, वरच्या ६९७० ची घातली की १४०८ गणनघटकांचे १५३६ होत. त्या कार्डावर दोन बायॉस आणि त्यांच्यात निवड करणारी खुंटी असल्याने प्रयोग फसला तरी कार्ड वाचे.

थंडाव्याच्या बाबतीत मात्र मालक आणि निर्माता यांचे हितसंबंध क्वचितच विरुद्ध होते. येथे तक्रार कानांची होती. २००३ सालच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका गरजे, की लोकांनी त्याला केस वाळवण्याच्या यंत्राची उपमा दिली, आणि खुद्द एनव्हिडियाने पालापाचोळा उडवण्याचे यंत्र कार्डाला लावल्याचे दाखवून स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. अशा कार्डांचा मूळ थंडावा काढून बदली थंडावा बसवणे हा त्या दशकातील सर्वांत रुळलेला घरगुती फेरबदल होता, आणि त्यावर स्वित्झर्लंडच्या आर्क्टिक कूलिंग आणि कोरियाच्या झालमन यांसारख्या कंपन्या वाढल्या. त्याहून धाडसी मंडळी पाण्याकडे वळली. तयार सामान मिळेपर्यंत चिपेवर बसणारा पोकळ तांब्याचा ठोकळा स्वतः कोरून घ्यावा, पाणी फिरवण्यासाठी मत्स्यालयाचा पंप आणावा आणि ते निववण्यासाठी मोटारीतील हीटरची जाळी वापरावी, असा बेत असे; अमेरिकेत १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीची जाळी त्या कामी नावाजलेली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये रेडिऑन आर९ २९०एक्स हे ९५ अंश सेल्सिअसवर चालणे गृहीत धरलेले आणि कर्कश कार्ड आले तेव्हा प्रोसेसरसाठी मिळणारे बंदिस्त जलथंडावे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कार्डावर आवळण्याची प्रथा जोरात होती, आणि लवकरच त्यासाठी खास पकड विकत मिळू लागली. घरातली युक्ती कारखान्यात शिरते ती अशीच : कार्डाचे प्लॅस्टिकचे आवरण काढून त्याजागी १२० मिलिमीटरचे सावकाश फिरणारे पंखे बांधण्याची रीतही प्रथम घरोघर रुळली, आणि २०२१ मध्ये असूसने ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे तसलेच तपकिरी पंखे लावलेले कार्ड विक्रीस आणले.

दुरुस्तीचा इतिहास या सर्वांहून वेगळ्या कारणाने सुरू होतो आणि त्याचा धागा एका कायद्यापर्यंत पोहोचतो. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विजेच्या उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले, तेव्हा झाळकामातील कथील-शिशाचा १८३ अंशांवर वितळणारा लवचीक मिश्रधातू जाऊन कथील, चांदी आणि तांबे यांचा सुमारे २१७ अंशांवर वितळणारा अधिक कडक मिश्रधातू आला. ग्राफिक्स चिपेला मात्र दोन मजल्यांचे सांधे असतात : सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्म गोळ्यांनी आपल्या तळपट्टीला जोडलेला असतो, आणि ती तळपट्टी मोठ्या गोळ्यांनी फलकाला. खेळ सुरू झाला की चिप तापून फुगते, संपला की आकसते, आणि हजारदा असे झाल्यावर कोठला तरी सांधा तडकतो. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या आपल्या खेळयंत्राच्या बिघाडांपायी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली, आणि जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या जोडणीचे साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले.

याच सुमारास घरच्या भट्टीत कार्ड भाजण्याचा तो प्रसिद्ध उपाय पसरला. मृत कार्डाचा पंखा, हीटसिंक आणि प्लॅस्टिक उतरवून, चारही कोपऱ्यांना फॉइलच्या गोळ्यांचा टेकू देऊन ते सुमारे २०० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवायचे आणि न हलवता निवू द्यायचे. जीफोर्स ८८०० मालिकेची कित्येक कार्डे अशी जिवंत झाली. सोल्डर, म्हणजे झाळकामाचा मिश्रधातू, वितळून सांधे पुन्हा जुळले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई, पण २०० अंश हे २१७ च्या खाली आहेत आणि चिपेखालील शिसेबहुल गोळ्या तर ३०० अंशांच्या आसपास वितळतात. खरे म्हणजे उष्णतेने फुगलेल्या भागांमुळे तडकलेल्या सांध्याची दोन टोके काही काळ पुन्हा टेकत, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कार्ड परत बंद पडे. ज्या भट्टीत नंतर केक भाजला जाणार तिच्यात असे फलक भाजणे आरोग्यालाही हिताचे नव्हते, हे सांगणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे होते.

भट्टीचा शास्त्रशुद्ध अवतार म्हणजे रीबॉलिंग. फलक खालून सावकाश तापवून, म्हणजे तो वाकणार नाही, वरून अवरक्त किरणांनी किंवा गरम हवेने चिप उचलायची, जुने सोल्डर तांब्याच्या वेणीने शोषून जागा साफ करायची, छिद्रे पाडलेला पोलादी पत्रा चिपेवर ठेवून प्रत्येक छिद्रात मिलिमीटरहून लहान असा एकेक नवा गोळा बसवायचा, आणि फ्लक्स, म्हणजे धातूवरील गंज सोडवणारा चिकट द्रव, लावून चिप पुन्हा जागी उतरवायची. भारतात हे काम घरापेक्षा बाजारात रुजले. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, किंवा ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, 'चिप लेव्हल रिपेअरिंग' ही पाटी नेहमीची झाली. पूर्ण फलक न बदलता त्यावरचा नेमका भाग बदलणे असा तिचा अर्थ, आणि ज्या देशात जुने कार्ड टाकून देणे परवडत नाही तेथे या शब्दाला वजन असणे साहजिकच होते. तथापि दोष वरच्या मजल्यावरील सांध्यात असेल तर खालचे गोळे कितीही सुबक बदलले तरी व्यर्थ. नवी चिपच बसवावी लागते, आणि प्रामाणिक कारागीर तसे आधीच सांगतो.

दरम्यान मायेची मालकी बदलत होती. मार्च २०१२ मध्ये जीफोर्स जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाच्या कार्डांत अशी व्यवस्था आली, की तापमान आणि वीज यांच्या मर्यादेत राहून कार्ड स्वतःच आपली गती चढवते. म्हणजे शिवणीतली माया निर्मात्यानेच उसवून कपड्यात घातली आणि तिची किंमतही लावली. २०१६ पासून बायॉसवर अशी डिजिटल स्वाक्षरी आली, की फेरफार केलेली आज्ञावली कार्ड स्वीकारीना. त्यावर मालकांनी काढलेला तोडगा जुन्या पेन्सिलचाच वंशज होता : विद्युतप्रवाह मोजण्यासाठी कार्डावर ५ मिलिओमचे रेझिस्टर असतात, त्यांच्या डोक्यावर तेवढाच दुसरा झाळला की रोध अर्धा होतो आणि कार्डाला स्वतःची भूक अर्धीच वाटते. परंतु मोठ्या संख्येने लोक उलट दिशेला गेले. कार्डाला दिला जाणारा दाब किंचित कमी करून गती जवळपास तीच राखली, तर वर्गाचे ते निष्ठुर गणित येथे मालकाच्या बाजूने लागते, आणि पूर्वी जादा गती मिळवण्यात खर्ची पडणारे कसब आता शांतता मिळवण्यात खर्ची पडू लागले.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०९० कार्डाची वीज ३५० वॅट होती आणि त्याच्या २४ मेमरी चिपांपैकी १२ फलकाच्या पाठीवर, जवळपास हवेविना, बसवलेल्या होत्या. इथर हे आभासी चलन मिळवण्याचे, म्हणजे त्याच्या उत्खननाचे, गणित मेमरीलाच दमवणारे असल्यामुळे तिचे तापमान ११० अंशांपर्यंत जाई, आणि कार्ड आपोआप मंदावे. उपाय होता थर्मल पॅड बदलण्याचा : चिप आणि धातू यांच्यामधली फट भरणाऱ्या या मऊ, उष्णतावाहक चकत्या मिलिमीटरच्या अंशाने जरी जाड निवडल्या, तरी हीटसिंक मुख्य चिपेवरून उचलला जातो आणि एक रोग बरा करताना दुसरा जडतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथर चालवणाऱ्या इथरियम या जाळ्याने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवरचे हे उत्खनन थांबले, तेव्हा वापरलेल्या कार्डांचा लोंढा बाजारात आला व त्यांचे पॅड आणि मुख्य चिपेवरील उष्णतावाहक पेस्ट बदलणे हा घरोघरचा उद्योग झाला.

त्यानंतरची माया मेमरीत सापडली. मेमरीच्या एक गिगाबाइटच्या चिपा काढून त्याजागी दोन गिगाबाइटच्या बसवायच्या आणि फलकावरील इवलेसे रेझिस्टर हलवून कार्डाला तसे कळवायचे, या रीतीने २०२१ मध्ये एका रशियन कारागिराने ८ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०७० कार्ड १६ चे केले. तेव्हा ती करामत वाटली. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांना मेमरीची अफाट गरज भासू लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने चीनला आरटीएक्स ४०९० च्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा तेथील कारखान्यांनी हीच करामत व्यापाराच्या पातळीवर नेली. ४०९० ची चिप मूळ फलकावरून उचलून, दोन्ही अंगांना मेमरी बसेल अशा नव्या फलकावर उतरवली की २४ चे ४८ गिगाबाइट होतात. मागे उरलेला चिपेविना फलक मूळ आवरणात पुन्हा बंद होऊन जुन्या मालाच्या बाजारात फिरतो, आणि बंद कार्ड म्हणून स्वस्तात घेतलेल्या अशा कार्डाचे स्क्रू सोडवून हीटसिंक उचलल्यावर, चिप असायला हवी तेथे फक्त सोल्डरच्या ठिपक्यांचा रिकामा चौकोन सापडल्याचे दुरुस्ती करणाऱ्यांनी अनेकदा दाखवले आहे.