ऑनलाइन ऑर्डरचं शिपिंग लेबल नीट कसं छापायचं? प्रिंटर निवडण्यापासून पार्सलवर चिकटवण्यापर्यंत

इन्स्टाग्रामवर साड्या विका, व्हॉट्सॲपवर दिवाळी फराळाच्या ऑर्डर घ्या किंवा मीशो, फ्लिपकार्ट, ॲमेझॉनवर दुकान थाटा, एक काम कुणालाच चुकत नाही. ऑर्डर आली की पार्सलवर लेबल लावावंच लागतं. फोटो, रील, दर आणि पॅकिंग यावर भरपूर डोकं चालवलं जातं. लेबल मात्र 'काढ प्रिंट आणि चिकटव' एवढ्यावर उरकलं जातं.

पण पार्सल घरातून बाहेर पडलं की पुढचं सगळं बोलणं लेबलच करतं. पिकअपच्या वेळी, सॉर्टिंग सेंटरमध्ये, डिलिव्हरी हबवर आणि शेवटी ग्राहकाच्या दारात ते स्कॅन होतं. मधे कुठे स्कॅन झालं नाही तर पार्सल बाजूला पडतं आणि उशीर होतो. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर असेल तर तोवर ग्राहकाचा विचारही बदलू शकतो. मग पार्सल परत येतं. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात. जाण्याचा खर्च गेलेलाच असतो, अनेकदा परतीचाही विक्रेत्याच्या माथी बसतो.

हे टाळायला महागडाच प्रिंटर हवा असं नाही. कागदाचा आकार, छपाईचं स्केल आणि शाईचा किंवा उष्णतेचा गडदपणा, ही तीन सेटिंग बरोबर असली तर साध्या प्रिंटरवरही चांगलं लेबल निघतं.

लेबलवर नेमकं काय असतं?

लेबलवर साधारणपणे या गोष्टी असतात:

- ग्राहकाचं नाव, पत्ता, पिन कोड आणि फोन नंबर
- पाठवणाऱ्याचा आणि परतीचा पत्ता
- ट्रॅकिंग नंबर, म्हणजेच एडब्ल्यूबी नंबर, आणि त्याचा बारकोड
- पैसे आधी भरले आहेत की दारात घ्यायचे आहेत, आणि घ्यायचे असतील तर किती
- सॉर्टिंगसाठी मोठ्या अक्षरांत छापलेला कोड

यातला बारकोड सगळ्यात महत्त्वाचा. कुरिअरच्या लेबलांवर 'कोड १२८' नावाचा प्रकार सर्रास वापरला जातो. तो १९८१ मध्ये तयार झाला. अंक आणि इंग्रजी अक्षरं दोन्ही त्यात थोड्या जागेत मावतात. शेवटी तपासणीचं एक चिन्ह असतं, त्यामुळे रेघा नीट वाचल्या गेल्या नाहीत तर स्कॅनर चुकीचा नंबर घेण्याऐवजी काहीच घेत नाही.

स्पीड पोस्टच्या नंबरातही अशीच सोय आहे. दोन इंग्रजी अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी 'आयएन' असे एकूण १३ वर्ण त्यात असतात. नऊ अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा असतो.

बारकोड 'वाचत नाही' तेव्हा काय झालेलं असतं?

स्कॅनर काळ्या रेघा आणि मधल्या पांढऱ्या जागा यांची रुंदी मोजतो. ही रुंदी बिघडली की वाचन थांबतं.

बहुतेक लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके. एक ठिपका साधारण पाव मिलिमीटरच्या निम्मा, ०.१२५ मिलिमीटर. बारकोडची सगळ्यात बारीक रेघ दोन ठिपक्यांची असेल तर ती ०.२५ मिलिमीटर झाली. अशा वेळी प्रिंट सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' राहिलं आणि लेबल ९७ टक्के झालं, तर काय होतं? अर्धा ठिपका छापता येत नाही. त्यामुळे काही रेघा दोन ठिपक्यांच्या राहतात, काही एकाच ठिपक्याच्या होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण स्कॅनर अडतो.

बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागाही लागते. 'कोड १२८'साठी ती सगळ्यात बारीक रेघेच्या किमान दहापट हवी, म्हणजे वरच्या उदाहरणात दोन्हीकडे अडीच मिलिमीटर. त्या जागेत टेपची कड, पेनाची खूण किंवा 'थँक यू'चा स्टिकर आला की बारकोड कुठे सुरू होतो हेच स्कॅनरला कळत नाही.

कोणता प्रिंटर घ्यायचा?

घरात असलेला इंकजेट: दिवसाला दोन-चार ऑर्डर असतील तर पुरेसा आहे. शाई पाण्याने फुटते, त्यामुळे पावसाळ्यात लेबल उघडं ठेवू नका. साध्या कागदावर छापून पार्सलवरच्या पारदर्शक पीओडी पाऊचमध्ये सरकवा.

लेझर प्रिंटर: टोनरची छपाई पाण्याने पसरत नाही. ए-फोर कागदावर चार लेबलं बसवता येतात आणि बिलही त्याच प्रिंटरवर निघतं. ए-फोर स्टिकर शीट वापरत असाल तर अर्धी सोललेली शीट पुन्हा आत घालू नका. लेझर प्रिंटर आतून तापतो आणि सुटलेला स्टिकर तिथेच चिकटू शकतो.

थर्मल लेबल प्रिंटर: रोज ऑर्डर येत असतील तर हा सोयीचा. शाई नाही, टोनर नाही, कापाकापी नाही. ४ × ६ इंचाचं लेबल थेट बाहेर येतं, सोलायचं आणि लावायचं.

खरेदी करताना एक चूक हमखास होते. 'थर्मल प्रिंटर' म्हणून किराणा दुकानातला बिलाचा प्रिंटर घेतला जातो. तो ५८ किंवा ८० मिलिमीटर रुंदीच्या रोलवर चालतो. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, त्यामुळे शिपिंग लेबल त्यावर बसतच नाही. घेण्याआधी चार इंच रुंदीवर छापता येतं का, हे विचारा. दुकान फोनवरूनच चालत असेल तर ब्लूटूथवरून पीडीएफ छापली जाते का, हे दुकानदाराला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. रोलची किंमत भागिले त्यातली लेबलं म्हणजे एका लेबलचा खर्च. सध्या एका ऑर्डरला कागद, शाई आणि टेप यांवर किती जातात, ते त्याच्या शेजारी मांडा. कापण्या-चिकटवण्यात जाणारा वेळही धरा.

लेबल रोल घेताना काय बघायचं?

थर्मल कागदावर रंगहीन रसायनांचा थर असतो. प्रिंटरच्या गरम हेडमुळे त्यांची प्रक्रिया होते आणि कागद काळा पडतो. म्हणूनच ऊन आणि उष्णता या कागदाची शत्रू आहेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या काचेखाली रोल ठेवू नका.

कागद थर्मल आहे की साधा, हे ओळखायची घरगुती युक्ती म्हणजे नख. छपाईच्या बाजूवर नख जोरात ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळसर रेघ उमटली तर कागद थर्मल आहे.

आकारही तपासा. बाजारात १०० × १५० मिलिमीटर आणि ४ × ६ इंच, म्हणजे १०१.६ × १५२.४ मिलिमीटर, अशी दोन्ही मापं मिळतात. फरक दिसायला छोटा आहे, पण सेटिंगमध्ये हातातल्या रोलचंच माप भरायचं. रोलमधल्या नळीचा व्यासही प्रिंटरच्या दांड्याला जुळला पाहिजे.

सेटिंग कसं करायचं? सहा पायऱ्या

१. ड्रायव्हर टाका. कंपनीने दिलेलाच ड्रायव्हर वापरा. कॉम्प्युटरने आपोआप निवडलेल्या ड्रायव्हरमध्ये लेबलचा आकार अनेकदा नसतो.

२. आकार भरा. विंडोजमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन प्रिंटर निवडा. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये लेबलची रुंदी आणि उंची भरा. कागदाच्या प्रकारात 'गॅप' निवडा, कारण दोन लेबलांच्या मधे थोडी मोकळी जागा असते.

३. कॅलिब्रेशन करा. लेबल कुठे संपतं हे प्रिंटरचा सेन्सर शिकून घेतो. बऱ्याच मॉडेलमध्ये फीडचं बटण दाबून ठेवलं की दोन-तीन लेबलं पुढे सरकतात आणि काम होतं. रोलचा आकार बदलला की हे पुन्हा करायचं.

४. प्लॅटफॉर्मवर लेबलचा प्रकार बदला. शिपरॉकेटसारख्या सेवांत ए-फोर आणि थर्मल असे पर्याय असतात. प्रिंटर थर्मल आणि पीडीएफ ए-फोर असेल तर लेबल बारीक होऊन कोपऱ्यात येतं.

५. स्केल १०० टक्के ठेवा. पीडीएफ छापताना 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साइज' निवडा. क्रोममधून छापत असाल तर मार्जिन 'नन' आणि स्केल १०० ठेवा.

६. एकच लेबल छापून तपासा. पट्टीने माप घ्या. फोनवरच्या बारकोड ॲपने स्कॅन करा. ॲपमध्ये आलेला नंबर बारकोडखाली छापलेल्या नंबराशी जुळला की मग बाकीची लेबलं काढा.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

- कोरं लेबल येतंय: रोल उलटा बसला आहे. थर असलेली बाजू हेडकडे हवी.
- छपाई फिकट आहे: 'डार्कनेस' किंवा 'डेन्सिटी' एकेका पायरीने वाढवा, वेग कमी करा.
- रेघा एकमेकींत मिसळतात: डार्कनेस जास्त झाला आहे. गडद म्हणजे चांगलं असं नसतं.
- लेबलभर उभी पांढरी रेघ येते: हेडवर धूळ किंवा गोंद आहे. प्रिंटर बंद करून थंड होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने हेड पुसा. रेघ तिथेच राहिली तर हेडचा तो ठिपका गेला असू शकतो.
- एका लेबलनंतर कोरं लेबल निघतं: भरलेला आकार आणि खरा आकार जुळत नाही. माप दुरुस्त करा, पुन्हा कॅलिब्रेट करा.

पत्ता चुकला तर प्रिंटर काय करणार?

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर पत्ता ग्राहक लिहून पाठवतो आणि तो जसाच्या तसा लेबलवर उतरतो. 'वडगाव, जि. पुणे' एवढ्यावर पार्सल पोहोचेलच असं नाही, कारण वडगाव नावाची गावं अनेक आहेत. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन कोड हे सगळं मागून घ्या.

पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. देशात एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या, यावर सहा अंकांचा हा तोडगा होता. पहिला अंक विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४ ने सुरू होतात. पहिले तीन अंक सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस दाखवतात. ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. ग्राहकाने पत्ता नागपूरचा आणि पिन ४११ ने सुरू होणारा दिला असेल तर छापण्याआधी एक मेसेज करून विचारा.

परराज्यात जाणाऱ्या पार्सलवर पत्ता इंग्रजीत असलेला बरा. काही प्रिंटर आणि सॉफ्टवेअर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापतात, तेही तपासा. परतीचा पत्ताही वेळोवेळी पाहा. घर किंवा गोदाम बदललं आणि तो जुनाच राहिला तर परत आलेलं पार्सल भलत्याच दारात जातं.

चिकटवताना

- लेबल सगळ्यात मोठ्या आणि सपाट बाजूवर लावा. बारकोड कडेवर किंवा खोक्याच्या जोडावर वळता कामा नये.
- बारकोडवर चकचकीत टेप लावू नका. प्रकाश परावर्तित होतो, सुरकुत्या पडतात. काही टेपच्या गोंदामुळे थर्मल छपाई फिकीही होते.
- जुनं खोकं वापरत असाल तर आधीचे सगळे बारकोड काढा किंवा पूर्ण झाका. दोन बारकोड दिसले तर चुकीचा स्कॅन होऊ शकतो.

लेबलवर ग्राहकाची माहिती असते, ती जपा

ए-फोर पीडीएफमधून लेबल कापून देणाऱ्या फुकट वेबसाइट बऱ्याच आहेत. तिथे फाइल टाकली की शेकडो ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर अनोळखी सर्व्हरवर जातात. हे काम कॉम्प्युटरवरच होऊ शकतं. ॲडोबी रीडरमधल्या 'स्नॅपशॉट' साधनाने लेबल निवडून छापता येतं, मात्र स्केल पुन्हा तपासावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे प्लॅटफॉर्मवरच थर्मल आकार निवडणं.

'आज इतक्या ऑर्डर गेल्या' म्हणून पार्सलच्या ढिगाचा फोटो स्टोरीवर टाकतानाही लेबलं पालथी ठेवा. रद्द झालेली लेबलं फाडून टाका. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आहे. शिवाय आपला पत्ता कुणाच्या तरी रीलमध्ये दिसावा, असं कोणत्याच ग्राहकाला वाटत नाही.

शिपिंग लेबल आणि मालावरचं लेबल वेगळं

शिपिंग लेबल लावलं म्हणजे मालावरचं लेबल झालं, असं नाही. पॅकबंद वस्तूंवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा संख्या, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. २०११ च्या वैधमापन नियमांत हे सांगितलं आहे. पॅकबंद खाद्यपदार्थांवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही लागतो. चिवड्याचं पाकीट ग्राहकाच्या घरी किंवा दुकानात बरेच दिवस राहतं. थर्मल छपाई तोवर पुसट होऊ शकते, म्हणून अशा लेबलांसाठी लेझर किंवा रिबनवर चालणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर वापरावा. शिपिंग लेबल पार्सल दारात पोहोचेपर्यंत टिकलं की पुरे.

सणाच्या आधी ऑर्डर एकदम वाढतात आणि नेमका तेव्हाच रोल संपतो किंवा सेटिंग बिघडतं. राखी, गणपती किंवा दिवाळीच्या दोन आठवडे आधी एक जादा रोल आणून ठेवा, हेड पुसा आणि एक चाचणी लेबल छापून फोनवर स्कॅन करून बघा. बरोबर आलेल्या सेटिंगचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. कॉम्प्युटर बदलला किंवा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागला, तर तोच कामाला येतो.