गिफ्ट

बाटलीवर 'गिफ्ट' लिहिलेलं दिसलं तर जर्मन माणूस हात मागे घेतो. त्याच्या भाषेत गिफ्ट म्हणजे विष. स्वीडिशमध्ये विषही आणि 'विवाहित'ही! हसू नका, मुळात आहे ते फक्त 'देणं'. ग्रीक 'डोसिस' म्हणजेही देणं, मग वैद्यानं दिलेली मात्रा. आपला 'डोस' तोच. त्याच वळणानं जर्मन शब्द विषापर्यंत गेला. जुन्या इंग्रजीत गिफ्ट म्हणजे वधूसाठी मोजलेली किंमत. आणि जर्मनमधला जुना 'मिटगिफ्ट', सोबत दिलेलं, म्हणजे चक्क हुंडा.

कोशात हे वाचलं तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं. अब्बांनी कर्ज काढून स्कूटर दिली होती. मांडवात सगळे तिला गिफ्टच म्हणत होते.