मुलांचे पोटाचे विकार : तक्रार एक, आजार अनेक

‘पोट बिघडले आहे’ एवढ्या तीन शब्दांत पालक मुलाची तक्रार डॉक्टरांना सांगतात. या तक्रारीमागे जंतुसंसर्ग असू शकतो, बद्धकोष्ठता असू शकते, अन्नातील एखाद्या घटकाचे वावडे असू शकते आणि क्वचित तातडीच्या शस्त्रक्रियेची गरजही. एका विकारावरचा उपाय दुसऱ्यात अपाय करतो, म्हणून हा फरक पालकांना ठाऊक असायला हवा.

लहान मुलांमधील अतिसार बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. शौचावाटे रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी. अतिसारातील प्रमुख विषाणू असलेल्या रोटाव्हायरसवरील लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली. जुलाबांत जिवाला धोका असतो तो पाणी व क्षार निघून जाण्याचा. आतडे बिघडले तरी ग्लुकोजसोबत सोडियम शोषण्याची त्याची क्षमता टिकून राहते आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. जलसंजीवनीचे, म्हणजेच ‘ओआरएस’चे, तत्त्व हेच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य रुग्ण वाचवले.

मात्र एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलेली पूड अपायकारक ठरते. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये तर जुलाब वाढवू शकतात. अशा पेयांवर हे नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जलसंजीवनीच्या जोडीला डॉक्टर १४ दिवस झिंक देतात. जुलाब थांबले म्हणून ते मध्येच बंद करू नये. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहारही चालू ठेवावा. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची जुनी समजूत चुकीची आहे.

बद्धकोष्ठता मात्र अनेकदा लक्षातच येत नाही. एकदा शौचाला त्रास झाला की मूल भीतीने शौच रोखून धरते. शाळेतले स्वच्छतागृह घाण असले तरीही तेच घडते. मोठे आतडे मलातील पाणी शोषत राहते, खडा अधिक कठीण होतो आणि दुखण्याच्या भीतीने मूल आणखी रोखते. पुढे या खड्याच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डी खराब होऊ लागते. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवण्याचे औषध देतात, किंवा आळशी म्हणून मुलाला रागावतात. दोन्हींनी दुखणे वाढते. मल मऊ करणारे औषध कित्येक महिने घ्यावे लागते. सोबतीला पाणी, भाज्या, फळे, दुधावर मर्यादा आणि जेवणानंतर न चुकता पाच-दहा मिनिटे शौचाला बसण्याची सवय लागते.

तान्ह्या बाळाने थोडे दूध टाकणे बहुधा निरुपद्रवी असते. वजन वाढत असेल तर चिंता नको. हिरवी उलटी झाली, किंवा बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेत कळवळले आणि शौचावाटे लालसर जेलीसारखा पदार्थ पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याची ती खूण असू शकते.

गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात मुलाची वाढ खुंटते, रक्त कमी राहते. रक्ततपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास निदान चुकू शकते. निदानानंतर मात्र तो जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या भाकरीची सवय असलेल्या घरांना हे पथ्य थोडे सोपे जाते, फक्त पिठात गव्हाची भेसळ नसावी.

शाळेच्या वेळीच बेंबीभोवती दुखणाऱ्या पोटात आजार सापडत नाही, तरी दुखणे खरे असते. ते ढोंग नव्हे. दुखणे बेंबीपासून दूर असेल, मूल रात्री झोपेतून उठत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र तपासण्या टाळू नयेत.