पडद्यावरचा पेहराव अंगावर उतरवताना
इरकल, खण, बाराबंदी आणि सोलापुरी चादर : इंटरनेटवरील चित्रावरून स्वतःचा पोशाख घडविण्याची रीत

सोलापूर : चित्र पाहून पोशाख करण्याची हौस नवी नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना सुरू केला आणि नऊवारीतील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर विराजमान झाल्या. पुढे चित्रपटांची पोस्टरे आली, मग साप्ताहिकांची मुखपृष्ठे. शिंप्यापुढे कात्रण ठेवून 'अस्साच गळा हवा' असे सांगणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. आता कात्रणाची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. चित्रे अमाप झाली, पण चित्रातले नेमके काय घ्यायचे हा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

सोलापूरकरांसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. ज्या पेहरावांची चित्रे शहरी तरुणाई इंटरनेटवर शोधते, त्यांतील कितीतरी वस्त्रे याच परिसरात विणली, विकली वा नेसली जातात. चित्र पाहून छापील नक्कल घ्यायची की मूळ वस्त्रापर्यंत जायचे, या निवडीवर अनेक मागांचे काम अवलंबून असते.

जुने उदाहरण

दुसऱ्याचा पेहराव पाहून स्वतःचा घडविण्याचे उत्तम उदाहरण ठाकूर घराण्यात सापडते. भारतीय सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ ठाकूर यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. सोलापुरातही ते न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 मध्ये मुंबईत आल्या, तेव्हा पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत त्यांच्या नजरेत भरली. ती जशीच्या तशी न उचलता त्यांनी तीत आपल्या सोयीचे बदल केले, सोबत पोलके व परकर घेतला. ही पद्धत शिकविण्याची तयारी दर्शविणारी जाहिरातही त्यांनी 1871 मध्ये एका बंगाली मासिकात दिली होती. पाहावे, निवडावे, बदलावे आणि मग इतरांना शिकवावे, हा क्रम आजही उपयोगी आहे.

शोध कसा घ्यावा

गुगलने चित्रांचा शोध 2001 मध्ये सुरू केला. आदल्या वर्षी ग्रॅमी सोहळ्यात गायिका जेनिफर लोपेझने घातलेला हिरवा पोशाख पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती, हे त्यामागचे एक कारण असल्याचे कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी नंतर सांगितले. पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम 2010 मध्ये आले. या सर्व ठिकाणी एकदा एक चित्र उघडले की त्याच धाटणीची चित्रे पुढ्यात येत राहतात आणि निवड नकळत संकुचित होते. ते टाळण्यासाठी काही गोष्टी कराव्यात.

- वस्तूचे नाव घालून शोधावे. 'पारंपरिक साडी' असे लिहिल्यास काहीही येते. 'इरकल', 'इलकल', 'गुळेदगुड्ड खण', 'कसुती' असे शब्द मराठीत आणि जमल्यास कन्नडमध्ये घालावेत.
- वीस-पंचवीस चित्रे जमवावीत आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावीत. त्यांत वारंवार येणारी गोष्ट, मग ती रंग असो, बाहीची लांबी असो वा काठाची रुंदी, हीच आपली खरी आवड.
- चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरून मूळ छायाचित्र कोणाचे व कुठले, हे पाहावे. दुकानदाराने दुसऱ्याचेच चित्र लावले असल्यास तेही कळते.
- नेसण्याच्या पद्धतींसाठी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली 'द सारी सिरीज' ही लघुपटमाला पाहण्याजोगी आहे. तीत देशभरातील ऐंशीहून अधिक पद्धती आहेत.
- घरातील जुना अल्बम विसरू नये. आजीच्या छायाचित्रातील पोलक्याची बाही कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही.

चित्राचे चार भाग

चित्र आवडले की त्याचे कापड, बेतणी, नेसण आणि अलंकार असे चार भाग करावेत. चौघांचीही नक्कल करण्याची गरज नसते. 'बाजीराव मस्तानी' (2015) आल्यानंतर काशीबाईंच्या थाटाची नऊवारी, नथ आणि चंद्रकोर यांची लाट आली. ज्यांनी सगळेच उचलले, त्यांचा पोशाख एका समारंभापुरता राहिला. ज्यांनी केवळ खणाची चोळी वा केवळ नथ घेतली, त्यांना ती पुढेही वापरता आली.

मूळ वस्त्राची ओळख

इरकल साडी बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावची. अंग सहसा सुती, पदर व काठ रेशमी वा कृत्रिम रेशमी असतो. अंगाचे आणि पदराचे ताणे वेगळे असून ते फासे घालून एकमेकांत गुंतवलेले असतात. लाल पदरावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे येतात. त्यांत फणी, कोटाचे कंगोरे आणि ज्वारीचे कणीस हे आकार दिसतात. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या सोलापूरकरांना ही नक्षी परकी वाटू नये. खण हे त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे वस्त्र. दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक विणलेली बुट्टी ही त्याची खूण.

छापील नक्कल ओळखण्यासाठी कापड उलटे करून पाहावे. विणलेल्या नक्षीचे धागे मागे दिसतात, छापील नक्षी मागे फिकट पडते. सुताची खात्री हवी असल्यास कडेचे दोन धागे काढून जाळावेत. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

बेतणी आणि शिवण

सुती कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. ते आधीच आटले म्हणजे शिवल्यावर आटत नाही. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे.

माप चित्रातील मुलीचे घेता येत नाही. आपल्याला नीट बसणारे जुने पोलके उसवून त्यावरून कागदी साचा काढावा आणि चित्रातील गळा वा बाही त्यावर आखावी. प्रथम मांजरपाटाचे पोलके कच्च्या टाक्यांनी शिवून अंगावर पाहावे, नंतरच खणाला कात्री लावावी. शिवणीत पुरेशी माया ठेवावी, म्हणजे पुढे सैल करता येते. खणाचा पन्हा कमी असतो. त्यामुळे काठ बाहीला घ्यायचा की पाठीला, हे कापण्याआधी ठरवणे भाग आहे.

सोलापुरी चादरीचे जाकीट हा अलीकडचा लोकप्रिय प्रकार. जॅकार्ड विणीची ही चादर जाड असते. घरच्या यंत्रावर सोळा वा अठरा नंबरची सुई घालावी, टाका लांब ठेवावा आणि कापलेल्या कडा लगेच ओव्हरलॉक कराव्यात, अन्यथा धागे सुटतात. नक्षीचा मध्य पाठीच्या मध्यावर यावा आणि पुढचे दोन्ही भाग एकमेकांशी जुळावेत, एवढे साधले तरी जाकीट देखणे दिसते.

पुरुषांसाठी बाराबंदीचा विचार करावा. सिद्धेश्वरांच्या जानेवारीतील गड्डा यात्रेत नंदीध्वजांसोबत चालणाऱ्या भक्तांची शुभ्र बाराबंदी सर्वांच्या परिचयाची आहे. तिला गुंडी वा काजे नाहीत, बंदांनीच ती बांधली जाते, म्हणून नवख्या हातालाही ती शिवता येते. यात्रेतील पोशाखामागे श्रद्धा आहे, याचे भान ठेवून रोजच्या वापरासाठी रंग व लांबी बदलावी.

कात्रीआधी विचार

आईची किंवा आजीची इरकल कापून गाऊन वा शिवलेली नऊवारी करण्याच्या चित्रफिती पुष्कळ आहेत. कापलेली साडी पुन्हा जोडता येत नाही. साडी धड असेल तर ती नेसण्यासच शिकावे. निऱ्या पुढे खोचून त्यांचा मधला काठ पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचला की कासोटा झाला. चार दिवसांच्या सरावाने तो हाती बसतो. साडी विरली असेल, तरच काठ व पदर काढून घ्यावेत आणि पदराचा सांधा शक्यतो अखंड ठेवावा.

विकायचे असल्यास

स्वतःसाठी केलेला पोशाख ही हौस, मात्र तो विकायला काढला की नियम लागू होतात. भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. सोलापुरी चादर, सोलापुरी टेरी टॉवेल, इरकल साडी आणि गुळेदगुड्ड खण यांना या मानांकनाचे संरक्षण आहे. अन्यत्र तयार झालेल्या नकलेला ही नावे देता येत नाहीत. एखाद्या रचनाकाराची नोंदणीकृत नक्षी जशीच्या तशी उचलणेही अडचणीचे ठरते. ग्राहकाने हातमागाचे कापड म्हणून पैसे मोजले असतील, तर 2006 मध्ये सुरू झालेले 'हँडलूम मार्क'चे चिन्ह पाहून घ्यावे.

चित्र पडद्यावर क्षणभर टिकते, कापड मात्र वर्षानुवर्षे कपाटात राहते. त्यामुळे खर्चाची विभागणी करताना कापडाला झुकते माप द्यावे आणि बेतणी साधी ठेवावी. साधी चोळी उसवून पुन्हा बेतता येते. निकृष्ट कापडाला मात्र कोणताही शिंपी वाचवू शकत नाही.