प्रश्न गावाचा, पुरावा गावाचा, पैसा बाहेरचा

मी पंडरीहून बोलतोय.

आपल्या या मालिकेत बहुतेक वेळा लढायांचा इतिहास असतो. आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण फौजी माणसाला तो परका वाटू नये, कारण मुळात तो रसदीचा प्रश्न आहे. कोठारात माल आहे, पण शेवटच्या चौकीपर्यंत पोहोचत नाही, अशी स्थिती आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिली. वैद्यकातही तेच होतं. शोध लागतो, आणि तो माणसाच्या उंबरठ्यावर पोहोचायला वर्षानुवर्षं जातात. हे अंतर कापण्याच्या कामाला आजकाल ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणू, संशोधन घरापर्यंत नेणं.

एक उदाहरण युद्धाच्या काळातलंच घ्या. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात दिलं तर हगवणीतही आतडं पाणी शोषून घेतं, हे १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांना कळलं होतं. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. शोध प्रयोगशाळेचा होता, पण तो कामाला आला आयाबायांच्या हातून.

आता आपल्या शेजारी या. रायपूरहून राजनांदगाव, मानपूर करत मुरूमगाव, धानोरा या रस्त्यानं निघालात की गडचिरोली गाठायच्या आधीच शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तिथं आहे. दोघं नागपुरात शिकलेले डॉक्टर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत आले. तेव्हा हा जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती.

सुरुवातीच्या कामांपैकी एक सिकलसेलची पाहणी होती. रक्तातला दोष सापडला, आकडे मिळाले. पण लोकांच्या लेखी ती त्यांची निकड नव्हती. तपासणीनंतर हाती काय, तर बरा न होणाऱ्या आजाराचं नाव! संशोधकाला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आणि गावाला छळणारा प्रश्न वेगळे असू शकतात, हा धडा डॉ. बंग स्वतः सांगतात.

मग ऐकायला सुरुवात झाली. बायकांच्या दुखण्यांबद्दल कुणी विचारतच नव्हतं. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये छापून आला आणि जगाला खेड्यातल्या बाईच्या आरोग्याकडे नव्यानं पाहावं लागलं.

दवाखाना बांधतानाही लोकांना विचारलं. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, सोबतच्या माणसांना राहायला जागा नसते, असं लोक म्हणाले. म्हणून दवाखाना पाड्यासारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. हे नाव आपल्या बस्तरचं, दंतेवाड्याच्या देवीचं. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात, गोंड माणसाच्या श्रद्धेत नसतात.

पुढचा प्रश्न बालमृत्यूंचा. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, पण दाईला मोजता येत नसेल तर? म्हणून एक साधं यंत्र बनवलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि रंगीत मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की औषध सुरू. गावातल्या माणसांच्या हातून झालेल्या या उपचारानं न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९० साली हेही लॅन्सेटमध्ये आलं.

सर्वांत मोठं काम नवजात बाळांचं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ऊब टिकवायची, श्वास अडला तर मदत करायची आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. एका बाळामागे खर्च सुमारे पाच डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आता पैशांचं बघू. या प्रयोगाला मॅकआर्थर आणि फोर्ड या अमेरिकी फाउंडेशनांचा आधार होता. पुढे आयसीएमआरनं पाच राज्यांत हीच पद्धत तपासली, आणि २०११ पासून केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रमच केला. म्हणजे प्रश्न गावातून आला, पुरावा गावात तयार झाला, पैसा बाहेरून आला आणि शेवटी जबाबदारी सरकारी तिजोरीनं उचलली. माझ्या मते हा क्रम या सगळ्या इतिहासाचं सार आहे. पैसा पहिल्या जागी आला की प्रश्नही पैसेवालाच ठरवतो.

या साखळीत छत्तीसगडचाही वाटा आहे, आणि तो महाराष्ट्रात फारसा माहीत नाही. २००२ साली इथं मितानिन कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगढीत मितानिन म्हणजे जन्माची मैत्रीण. प्रत्येक पाऱ्यातल्या लोकांनी आपली मितानिन निवडायची, अशी रचना होती आणि सरकार व स्वयंसेवी संस्था मिळून तो उभा राहिला. २००५ मध्ये देशभर आशा योजना आली, तेव्हा हा अनुभव समोर होता.

आज निधीचे मार्ग वाढले आहेत. आयसीएमआरची अनुदानं आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणं बंधनकारक केलं. गडचिरोलीत दारू-तंबाखूविरुद्धचं ‘मुक्तिपथ’ हे काम राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी एकत्र चालवलं. आपल्याकडे तर खाणींचा पैसा आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानं उभी राहिली. त्या वर्षीच्या नियमांत किमान ६० टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांसाठी ठेवली होती, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती सांगितली होती. ज्या जमिनीखालून कोळसा आणि लोखंड निघतं, तिथल्या माणसाच्या आजाराचा अभ्यास त्याच पैशातून व्हावा, यात गैर ते काय?

पण ग्रामसभेला सही करण्यापुरतं बोलावू नका. आधी विचारा, तुमच्याकडे माणसं कशानं मरतात? अभ्यास संपल्यावर निकाल पहिल्यांदा तिथंच वाचून दाखवा, त्यांच्या बोलीत.

सिकलसेलचंच बघा. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन हे ध्येय. छत्तीसगड या आजाराच्या पट्ट्यातच येतं. तपासणीचं कार्ड हातात आल्यावर पुढे औषध, समुपदेशन आणि रक्त मिळणार असेल, तर लोक या वेळी ही निकड आपली मानतील. नुसतं कार्डच मिळालं, तर गडचिरोलीचा पहिला धडा आपण पुन्हा गिरवू.

तुमच्या भागात असं एखादं काम झालं असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.