साहित्यातील नावे आणि त्यांची व्युत्पत्ती : तंजावरचा ‘सरफोजी’

चेन्नईच्या टी. नगरमध्ये तमिळ पाट्यांवर ‘ति. नगर’ असे लिहितात. ही वस्ती १९२०च्या दशकात वसली आणि तिला सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळाले. मूळ नावात दंत्य ‘त’ आहे. मराठीतला ‘टी’ इंग्रजी अक्षरामागून आला. येथे फक्त उच्चार बदलला. साहित्यात नाव शिरते तेव्हा अनेकदा अर्थही बदलतो.

‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२चा चित्रपट घ्या. ‘नानूक’ म्हणजे इनुइट भाषेत ध्रुवीय अस्वल. शब्द अस्सल आहे, पण पडद्यावरच्या माणसाचे नाव अलाकारियालाक होते. शब्दकोशात अर्थ सापडला म्हणून नाव खरे ठरत नाही, हे ध्यानात ठेवून आता तंजावरकडे या.

मालोजी भोसल्यांना अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले, अशी परंपरा सांगते. त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी. अरबीत ‘शरीफ’ म्हणजे कुलीन, प्रतिष्ठित. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. पुढे शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरचे राज्य मिळवले. त्यांच्या मुलांची नावे पाहा : शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. पहिली दोन नावे म्हणजे वडील आणि चुलते यांची तीच जोडी! ‘सरफोजी’चे मूळ ‘शरीफजी’त आहे, याला याहून बोलका पुरावा कोणता हवा?

तमिळमध्ये मात्र हे नाव ‘शरभोजी’ झाले. कारण लिपीत आहे. साध्या तमिळ लेखनात प, फ, ब, भ यांना एकच अक्षर, आणि स व श यांनाही बहुधा एकच. त्यामुळे ‘सरफ’ आणि ‘शरभ’ कागदावर सारखेच दिसतात. शरभ म्हणजे नरसिंहाला आवरणारे शिवाचे अद्भुत रूप. कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनम येथे त्याची पूजा होते, म्हणजे वाचकाला हा शब्द घरचाच. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) काळी शिवकोळुंदु देशिकरांनी त्यांना नायक करून ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे नृत्यनाट्य रचले. कुरवंजीत नायिका नायकावर भाळते आणि कुरत्ती तिचे भविष्य सांगते. हे नाट्य बृहदीश्वराच्या देवळात होत असे. शिवमंदिरात नायकाला ‘शरभेंद्र’ म्हणणे किती चपखल बसते! राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकग्रंथावरही हेच नाव आहे.

कवीला येथे चुकीचा म्हणणे मला पटत नाही. तो व्युत्पत्ती सांगत नव्हता, गौरव करत होता. पण आजच्या एखाद्या कादंबरीकाराने व्यंकोजींच्या तोंडी ‘शरभासारखा बलवान हो, म्हणून हे नाव’ असे वाक्य घातले, तर ते खोटे ठरेल. शिवाय एका घराण्याने पिराची आठवण पिढ्यान्‌पिढ्या नावात जपली होती, तीही त्या एका वाक्याने पुसली जाईल.

म्हणून ऐतिहासिक कादंबरी वाचताना नावाचा अर्थ शोधण्याआधी ते नाव कोणत्या भाषेतून निघाले, कोणत्या लिपीतून आले आणि अर्थ प्रथम कोणी सांगितला, हे विचारा. सरावासाठी ‘व्यंकोजी’ आणि ‘एकोजी’ ही एकाच राजाची दोन नावे घ्या. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. त्याचे छापील वाचन मिळवून प्रत्येक राजाचे नाव कसे कोरले आहे, ते टिपून आणा.